घड्याळाची विंडो कापली जाते, त्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, आमच्या घड्याळाच्या प्रोग्रामला तुम्ही दिलेला एका स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. त्यात तुम्ही लिहिलंय, ‘दीड वर्षापासून सांगतोय, लॅपटॉपवरचं घड्याळ कारखान्यातल्या भिंतीवरच्या टीव्हीवर ओढून नेलं की उजवीकडून कापलं जातं, सेकंद दिसत नाहीत, मिनिटाचा शेवटचा आकडा अर्धाच दिसतो आणि पाळी बदलताना रोज वाद होतात, आणि तुमचं उत्तर एकच, पुढच्या अपडेटमध्ये होईल.’ सगळं खरं आहे. चूक आमची आहे, तुमच्या कॉम्प्युटरची नाही.

काय होतं ते सांगतो. विंडोजमध्ये स्केलिंग म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते माप, १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय (एका इंचात धरलेले ठिपके), १५० टक्के म्हणजे १४४. तुमचा लॅपटॉप १५० वर आणि टीव्ही १०० वर आहे. घड्याळ टीव्हीवर गेलं की विंडोज आमच्या प्रोग्रामला कळवतं की स्क्रीन बदलली, आता हे नवीन माप घ्या. आम्ही विंडोचं माप बदलायचो पण अक्षरांचं माप घड्याळ सुरू करताना एकदा घेतलेलं तसंच ठेवायचो, त्यामुळे चौकट लहान झाली आणि आकडे दीडपटच राहिले, मग मावणार कसे. खालची वाराची ओळ पण तशीच कापली जायची, तुम्ही पाठवलेल्या फोटोत गुरुवारच्या ‘गु’चा उकारच गायब आहे. प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केलिंग २०१३ च्या विंडोज ८.१ पासून आहे, म्हणजे हे आम्हाला आधीच माहीत असायला पाहिजे होतं. आमच्या ऑफिसात दोन्ही मॉनिटर १०० वर, म्हणून आमच्याकडे कधी दिसलं नाही आणि ‘आमच्याकडे होत नाही’ असं लिहून मीच तुमची तक्रार दोनदा बंद केली. तेव्हाच अक्कलकोट रोडला तुमच्या कारखान्यात एक चक्कर मारली असती तर पाच मिनिटात कळलं असतं.

घड्याळ मागे पडतं असंही तुम्ही लिहिलंय. वेळ आम्ही विंडोजकडूनच घेतो, लॅपटॉपवर जी असेल तीच दाखवतो, पण आकडाच अर्धा दिसला तर लूमवरून मान वर करून बघणाऱ्याला वेळ चुकीचीच वाटणार की, तुमच्या माणसांचा यात काही दोष नाही.

सगळ्यात जास्त मला लागलं ते तुमच्या वडलांचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हजेरीची अक्षरं मोठी दिसावीत म्हणून त्यांनी १५० टक्के ठेवलंय आणि आमच्या माणसाने फोनवर सरळ सांगितलं की १०० करा, घड्याळ नीट दिसेल. घड्याळासाठी त्यांनी डोळ्यांना त्रास द्यायचा हे सांगणंच चूक होतं, त्याबद्दल त्यांची मनापासून माफी मागतो, त्यांना समोर बसूनही सांगेन.

आता अक्षरांचं आणि चौकटीचं माप दोन्ही सोबत बदलतं, इथे एक लॅपटॉप १५० वर आणि एक टीव्ही १०० वर लावून तीन दिवस घड्याळ इकडून तिकडे ओढून बघितलंय, १२५ वर पण बघितलं. लायसन्सचे पैसे मात्र आजच परत पाठवतोय, घड्याळ वापरा किंवा वापरू नका. तुम्हाला चालत असेल तर गुरुवारी दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी मी स्वतः पेनड्राइव्ह घेऊन येतो, त्या दिवशी आलं म्हणजे तो उकारही तुमच्या टीव्हीवरच बघता येईल. तोपर्यंत वडलांच्या लॅपटॉपचं सेटिंग आहे तसंच राहू द्या.