दहा कसले?

परवा रात्री मुलीने विचारलं, "बाबा, साईन एक्स बरोबर एक्स भागिले दहा. याला उत्तरं किती?"

एमएचटी-सीईटी तोंडावर आलेली आणि मी इंजिनिअर. पदवी अजून दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. "आलेख काढ, दिसेल," मी म्हणालो. तिने पेन माझ्याच हातात दिलं.

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी साईनची झोकदार लाट काढली. ९०, १८०, ३६० अशा खुणा केल्या. आता एक्स भागिले दहाची रेघ. एक्स दहा झाला की रेघेची उंची एक. दहा अंशांवर साईन अजून नीट उठलेलासुद्धा नसतो आणि रेघ मात्र शेंड्याला पोचलेली. शून्यापाशी एकदा भेट, पुढे कायमची ताटातूट. उत्तर एक. पर्यायांतही 'एक' होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे अण्णा पेपर न्यायला आले. वीज मंडळात वायरमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमचा पेपर ते रात्री नेतात, कारण सकाळी मागणं बरं दिसत नाही. पेपर बगलेत मारून ते पत्रिकेवर वाकले.

"ही काठी कशाची?"

"काठी नाही अण्णा, रेघ आहे."

"आणि हे दहा कसले?"

"दहा म्हणजे दहा."

"दहा रुपये? दहा केळी?" मग चष्मा कपाळावर चढवून, "हां, अंश धरलेत होय! अहो साहेब, हे रेडियन."

हे 'साहेब' मला अजून बोचतंय.

अण्णा एरवी दारातूनच परत फिरतात. त्या रात्री बसले. अर्धा कप चहाही मागितला. "१८० अंश म्हणजे पाय रेडियन, आणि पाय म्हणजे तीन पॉइंट चौदा. तर दहा कुठे येणार? तीन पायच्या जरा पुढे." त्यांनी लांबलचक, निवांत चढणारी रेघ मारली आणि आगपेटीच्या काडीने मोजायला लागले. "पहिल्या उंचवट्याला उतरताना एकदा. मग साईन खाली जातो, तिकडे भेट नाही. दुसऱ्या उंचवट्याला चढताना एक, उतरताना एक. झाले तीन. डावीकडे तसेच तीन. मधलं शून्य धरून सात."

सात बरोबर होतं. मुलगी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशी माझ्याकडे तिने शेवटचं बालवाडीत पाहिलं असेल.

अण्णा सुटलेच. "तुमच्या या प्लगात काय आहे? साईनच. २३० व्होल्ट नुसतं म्हणायला. शेंडा ३२५ला जातो, वर एकदा, खाली एकदा. सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे शंभर वेळा शून्य होतं!"

"मग बिल का नाही होत शून्य?" मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

अब्रू वाचवायला मी आर्यभटाला बोलावलं. इसवी सन ४९९, साईनच्या २४ किमतींची सारणी. साईनला आपला शब्द 'ज्या', तीच जीवा. अरबांनी जीवाचं जीब केलं, पुढे कोणीतरी ते जैब वाचलं, म्हणजे कपड्याची घडी, खिसा. त्याचं लॅटिनमध्ये सायनस झालं, त्यावरून साईन.

"खिसाच की," अण्णा म्हणाले. "क्लासवाल्यांना बरोबर कळलाय अर्थ."

हे मात्र लागलं. दोन वर्षांची फी एकरकमी भरलीये मी. क्लासने मोबदल्यात ट्रिकांचं पुस्तक दिलं. त्यात हे गणित आहे, पुढे 'सात' छापलंय, आलेख नाही. कसा असेल? ५० गणितं, ९० मिनिटं, म्हणजे एका गणिताला १०८ सेकंद. तेवढ्यात लाट काढायची की गोळा काळा करायचा, तोही आता माऊसने? चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून 'काहीतरी टिचकव' हाही सल्ला फीमध्येच येतो. बारावीला मीही असाच पाठ करून सुटलो होतो. पुढे चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण प्लगातली लाट मला पन्नाशीला कळली, आणि तीही पेपर मागायला आलेल्या माणसाकडून.

काल रात्री बेल वाजली तेव्हा मुलीने आलेखाचे दोन कागद आधीच काढून ठेवले होते. टॅन चालला होता. तो ९०ला, म्हणजे पाय भागिले दोनला, कसा वर जातो आणि पलीकडून थेट पाताळातून कसा उगवतो, ते अण्णा हातवारे करून सांगत होते. मी चहा केला. अर्धा कप.

पेपर अजून परत आलेला नाही. शब्दकोड्यावर टॅन काढलाय म्हणे.