फायरवॉल रिकामा केला तरी पोर्ट बंद, आता काय डोकं आपटू?

अपग्रेड झालं, मशीन रीबूट केलं आणि साइट गायब. म्हणजे सर्व्हर मस्त चालू आहे, ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टवर ऐकत बसलाय, टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावला तर बाहेरून पॅकेट येताना पण दिसतंय, पण उत्तर जाईल तर शपथ.

लॉगमध्ये एरर होती, आयपीसेटचा एक सेट (रूल्समध्ये वापरायची आयपी पत्त्यांची यादी) सापडत नाही म्हणून रूल्स लोड झाले नाहीत. बरोबर आहे, अपग्रेडने बूटचा क्रम बदलला, सेट बनायच्या आधीच रूल्स लोड करायला धावला, आणि एक ओळ चुकली की लिनक्सच्या फायरवॉलचे रूल्स लोड करणारा आयपीटेबल्स-रिस्टोअर ते अख्खं टेबलच नाकारतो. ठीक, क्रम नीट केला, रूल्स लोड झाले, ४४३ ला अ‍ॅक्सेप्ट आहे. साइट बंदच. अरे पण मुळात रूल्स लोडच झाले नव्हते तर पॉलिसी (एकही रूल लागला नाही तर काय करायचं ते) अ‍ॅक्सेप्टवर होती, सगळं उघडं पडायला हवं होतं ना, मग तेव्हा तरी बंद का होतं?? इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली, रात्रीचे दोन वाजले होते.

शेवटी वैतागून सगळे रूल्स फ्लश केले, म्हणजे पुसूनच टाकले. फायरवॉलमध्ये एक रूल नाही आणि तरी पॅकेट अडतंय!

तर झालं असं होतं की अपग्रेडनंतर आयपीटेबल्स ही कमांड नावाला तीच राहिली, पण आतून सगळं एनएफटेबल्समध्ये, म्हणजे कर्नलच्या नव्या फायरवॉलमध्ये लिहायला लागली. आणि व्हीपीएनचा एक जुना कंटेनर होता, होस्ट नेटवर्कवर, म्हणजे थेट मशीनच्याच नेटवर्कवर चालणारा, त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा जुनाट आयपीटेबल्स, तो बिनधास्त जुन्या लेगसी टेबलांत ड्रॉप टाकत होता. कर्नल दोन्ही मानतो. एकाने अ‍ॅक्सेप्ट म्हटलं तरी दुसऱ्याची तपासणी चुकत नाही, आणि ड्रॉप कुणीही म्हणो, खेळ खल्लास. मी रात्रभर एकाच वहीत खाडाखोड करत होतो आणि नकार दुसऱ्या वहीत लिहिलेला.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची, तर हे सांगणारी वॉर्निंग दर लिस्टिंगला समोर येत होती, लेगसी टेबल्स आहेत, ती बघायला आयपीटेबल्स-लेगसी वापरा. पण पुढे हॅश! कॉमेंटसारखी! अपग्रेडनंतर पन्नास फालतू वॉर्निंगा येतात त्यात ही पण एक समजून मी वीसेक वेळा तरी हिच्यावरून नजर फिरवली असेल. माणसाचा पोर्ट बंद पडलाय आणि तुम्ही कानात कुजबुजता? लाल अक्षरात ओरडा की!

साडेचारला लेगसी टेबलं साफ केली, साइट उघडली, लॅपटॉप मिटला. सहाला मॉनिटरिंगचा फोन, साइट परत बंद. कंटेनर रीस्टार्ट झाला होता.