ठिणगी जाणवली नाही, म्हणजे पडलीच नाही?

‘पहिल्यांदाच कॉम्प्युटर असेंबल करताय? स्टॅटिकला घाबरू नका!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘खरं का हे?’ असं विचारत. लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्टॅटिक (घर्षणाने अंगावर साचणारी वीज) हा रिस्ट स्ट्रॅप (ती वीज वाहून नेणारा मनगटाचा पट्टा) विकणाऱ्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. मी मोजे घालून, गालिच्यावर बसून कितीतरी मशीन जोडली, एकही पार्ट गेला नाही. ठिणगी पडलीच तर आपल्याला कळतेच. हल्लीच्या पार्टना आठ हजार व्होल्टपर्यंत संरक्षण असतं. फारच धाकधूक वाटली तर प्लग लावून, बटण चालू ठेवून काम करा, अर्थिंग मिळतं. आणि मदरबोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीवर ठेवूनच चालू करून बघा, सगळ्यात सुरक्षित जागा तीच.

यातलं ‘घाबरू नका’ एवढं मला मान्य आहे. बाकीचं एकेक घेऊ.

‘ठिणगी पडली तर कळतेच.’ इथेच सगळा घोळ आहे. दाराच्या मुठीला हात लावल्यावर जो चटका बसतो, तो जाणवायलाच अंगावर साधारण 3000 व्होल्ट साचलेले असावे लागतात. त्याखाली कातडीला काही कळत नाही. मात्र चिपची गोष्ट वेगळी. कारखान्यांत स्टॅटिकपासून बचावासाठी एएनएसआय/ईएसडी एस20.20 हे मानक वापरतात, ते अंगावरच्या 100 व्होल्टनेही बिघडू शकतील असे भाग डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं आहे. म्हणजे शंभर आणि तीन हजार यांच्यामध्ये एवढा मोठा पट्टा पडतो, ज्यात नाजूक चिपला इजा होऊ शकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

जरा आकडेमोड करून बघा. चिप तपासताना माणसाच्या अंगाच्या जागी 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर (भार साठवणारा भाग) आणि 1500 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह अडवणारा भाग) धरतात. 3000 व्होल्टला ऊर्जा भरते अर्ध्या मिलिज्यूलपेक्षाही कमी. हसण्यावारी न्यावं इतकी क्षुल्लक. पण ती रिकामी होते साधारण 150 नॅनोसेकंदांत, आणि तेवढ्या क्षणापुरता प्रवाह दोन अँपिअरवर जातो. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाखाली) सिलिकॉन डायऑक्साइडचा जो थर असतो, तो ढोबळमानाने जाडीच्या दर नॅनोमीटरला एखादा व्होल्ट सोसतो, आणि थर असतो मोजक्या नॅनोमीटरचा. त्याला भोक पडायला आणखी काय हवं? म्हणून तर प्रत्येक पिनेपाशी चिपच्या आतच संरक्षक डायोड घातलेले असतात.

त्या संरक्षणाचा आकडा आठ हजार आहे, हा पुढचा दावा. आठ हजार हा आकडा हवेतून आलेला नाही, फक्त चुकीच्या जागी चिकटवलेला आहे. आयईसी 61000-4-2 या चाचणीची चौथी पातळी म्हणजे थेट स्पर्शाने 8000 व्होल्ट आणि हवेतून 15,000. पण ही चाचणी पूर्ण जोडलेल्या, कॅबिनेटमध्ये बसलेल्या उपकरणाची. तुम्ही पेन ड्राइव्ह लावायला जाता आणि यूएसबी पोर्टवर ठिणगी पडते, त्या प्रसंगाची. खोक्यातून काढलेल्या प्रोसेसरच्या उघड्या पिनांशी तिचा संबंध नाही. चिलखत घातलेल्या माणसाला बाण लागला नाही, म्हणून ते चढवण्याआधी त्याच्यावर बाण सोडून बघायचा का?

‘मी मोजे घालून जोडले, काही झालं नाही.’ बरोबर आहे, बहुतेक वेळा काही होत नाहीच. हवा दमट असेल तर साचलेला भार आपोआप झिरपून जातो. गालिच्यावरून चालताना कोरड्या हवेत 35,000 व्होल्टपर्यंत साचतात आणि दमट हवेत दीड हजारांच्या आसपास, असे आकडे या विषयाच्या माहितीपुस्तिकांत नेहमी दिसतात. तेव्हा लेखकमहाशयांच्या अनुभवात त्यांचं कौशल्य किती आणि त्या दिवसाची हवा किती, हे तेच जाणोत. शिवाय इजा झालेला पार्ट लगेच मरतोच असंही नाही. माझ्याकडची एक रॅम पहिल्या दिवशी निमूट चालली, दीड महिन्याने आठवड्यातून एकदा निळा स्क्रीन दाखवू लागली आणि मेमरी तपासणीत एकाच पत्त्यावर चुका देत राहिली. ती जोडताना मी लोकरी स्वेटर घातला होता. कारण स्वेटरच, असं मी म्हणणार नाही, कारखान्यातला दोषही असू शकतो. पण मेसेजवाल्याच्या हिशेबात असा पार्ट ‘काही झालं नाही’ याच रकान्यात जातो, हे लक्षात घ्या.

आता त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य: बटण चालू ठेवा. अजिबात नको. कॉम्प्युटर बंद दिसत असला तरी एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चालू असेल तर मदरबोर्डवर पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरूच असतो. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो, तो त्याचाच. अशा वेळी रॅम काढली-घातली, किंवा हातातून स्क्रू निसटून बोर्डावर पडला, तर स्टॅटिकची वाट बघायची गरज उरत नाही. अर्थिंग हवंच असेल तर तीन पिनांचा प्लग लावा आणि एसएमपीएसच्या मागचं बटण बंद ठेवा, अर्थची तार तरीही जोडलेली राहते. एसएमपीएस कॅबिनेटला स्क्रूने आवळलेला असला पाहिजे, नाहीतर कॅबिनेटला अर्थ मिळणार कुठून?

खरं तर अर्थिंगचाही एवढा बाऊ नको. ठिणगी पडते ती दोन वस्तूंच्या व्होल्टेजमध्ये फरक असला की. तुम्ही, कॅबिनेट आणि हातातला पार्ट एकाच पातळीवर असलात की काम झालं. म्हणून पार्ट उचलण्याआधी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावायचा, आणि खुर्चीतून उठून परत बसलात की पुन्हा लावायचा. पार्ट स्वतःही भारित होतो, हे मात्र लोक विसरतात. थर्माकोलवर घासलेलं ग्राफिक्स कार्ड तसंच धातूला टेकवलं तर ठिणगी त्याच्यातूनच निघते. पॅकिंगचं थर्माकोल आणि प्लास्टिक टेबलावरून आधी हलवा.

रिस्ट स्ट्रॅप ही फसवणूक आहे का? बिनवायरचे पट्टे आहेत, खुशाल म्हणा. वायरवाले नाहीत. त्या वायरीत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, चुकून 250 व्होल्टला हात लागला तरी त्या वाटेने पाव मिलिअँपिअरच जातो. फक्त चिमटा उघड्या धातूला लावा. रंगवलेल्या पत्र्याला लावलेला चिमटा म्हणजे मनगटातला दागिना.

चंदेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो, बोर्डाच्या खालच्या बाजूला सोल्डरची अणकुचीदार टोकं असतात. वीज चालू असताना ती त्या थराला टेकली की शॉर्ट होऊ शकतो. पिशवी साठवणुकीसाठी, आणि तीही बोर्ड आत असताना. चालू करून बघायचं तर मदरबोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा.

राहिलं ‘घाबरू नका’. ते यासाठी खरं आहे, की नवशिक्याच्या हातून पार्ट जातात ते बहुधा दुसऱ्याच कारणांनी. कॅबिनेटमध्ये एक जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा छोटा खांब) नको त्या जागी राहतो आणि बोर्डाला मागून टेकतो. एका मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला लावल्या जातात: सॉकेट बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा, आणि पाच व्होल्टच्या एसएसडीत (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये) बारा व्होल्ट शिरतात. आणि सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती प्रोसेसर तिरका टेकवल्याने वाकलेल्या, मदरबोर्डवरच्या प्रोसेसर सॉकेटच्या पिनांची. इंटेलने 2004 मध्ये या पिना प्रोसेसरवरून मदरबोर्डवर आणल्या, एएमडीनेही 2022 मध्ये एएम5 सॉकेटबरोबर तेच केलं. केसाएवढ्या त्या पिना बोटाच्या ओझरत्या स्पर्शानेही वाकतात. म्हणून सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण प्रोसेसर बसवेपर्यंत काढू नका, आणि निघाल्यावर टाकूनही देऊ नका. बोर्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली, तर ते लावूनच पाठवावा लागतो.