‘एवढा खटाटोप ५५ वॉटसाठी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हेडलाइटच्या वायरिंगवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडचिड झाली, हे लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातला एक मुद्दा बिनतोड निघाला. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

इतरांनी ती वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. माझ्या १९९१च्या दोन आसनी गाडीला पॉप-अप (लावले की बॉनेटमधून वर येणारे) हेडलाइट आहेत. त्यांचा उजेड वाढवायला मी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि नवी वायर टाकली, बल्ब मात्र साधा ६०/५५ वॉटचा एच४च ठेवला, म्हणजे दोन फिलामेंटचा हॅलोजन: ६० वॉटचा अप्पर (लांबचा झोत) आणि ५५ वॉटचा डिपर (खालचा झोत). तुमचं म्हणणं असं की जुन्या वायरिंगमुळे बल्बला दीड व्होल्ट कमी मिळणं म्हणजे जेमतेम दहा टक्के, त्यासाठी अख्खा दिवस वायरिंगमध्ये डोकं घालणं हा निव्वळ जुन्याचा सोस. एलईडी दहा मिनिटांत बसतो आणि तिप्पट उजेड देतो. आणि त्याच दिवशी मी अर्थिंगही साफ केलं होतं, तर फरक रिलेमुळे पडला हे कशावरून?

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं, ही माझी चूक. म्हणून परवा रिले वगळून दोन्ही बाजूंचे जुने कनेक्टर पुन्हा जोडले, अर्थिंग स्वच्छच ठेवलं आणि मोजलं. इंजिन चालू, डिपर लावलेला, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. काम सुरू करण्याआधी बल्बच्या पिनांवर १२.३ मिळत होते. नुसत्या स्वच्छ अर्थिंगवर १२.८ मिळाले, रिलेसह १३.५. म्हणजे कमावलेल्या १.२ व्होल्टपैकी ०.५ एका गंजलेल्या बोल्टखाली अडकले होते! सँडपेपर आणि पाच मिनिटं, एवढंच काम. तेव्हा कुणी माझा लेख वाचून रिले आणायला निघाला असेल, तर त्याने आधी मल्टिमीटरचं (व्होल्ट मोजायच्या मीटरचं) एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या अर्थिंगच्या पिनेवर ठेवावी, दिवा चालू असताना. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर चोर तिथेच आहे.

आता ‘जेमतेम दहा टक्के’. विजेच्या हिशोबात ते खरं, डोळ्यांच्या हिशोबात नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज घटलं की फिलामेंट थंड पडतं, आणि थंड फिलामेंट आपली ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत जास्त घालवतं. एच४चा प्रमाणित उजेड १३.२ व्होल्टवर डिपरला १००० आणि अप्परला १६५० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) धरतात. या हिशोबाने १२.३ वर डिपर ७९० च्या आसपास येतो, १३.५ वर १०८० च्या. बल्ब तोच, काच तीच, आणि उजेड सव्वापटीहून जास्त.

याची एक किंमत आहे आणि ती मूळ लेखात लिहायची राहिली. बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या सुमारे तेराव्या घाताने उलटं घटतं. माझ्या आकड्यांवर ते ढोबळमानाने एक तृतीयांश होतं. मला चालतं. बल्ब बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, फक्त काचेला बोट लावायचं नाही.

एलईडीबद्दल मी ऐकीव बोलतो, असा तुमचा सूर आहे. तसं नाही. दोन आठवडे लावून पाहिलेत. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली, तर हॅलोजनची कट-ऑफ रेषा (जिच्या वर उजेड जात नाही ती) सुरीने कापल्यासारखी दिसते. एलईडीची रेषा पुसट होती आणि तिच्या वर उजेडाचे दोन फराटे चढले होते. मग मित्राला माझ्या गाडीत बसवलं आणि मी त्याच्या गाडीत समोर बसलो. डिपर आहे की अप्पर, हे त्याला फोन करून विचारावं लागलं.

यात एलईडीचा दोष नाही, जागेचा आहे. एच४मध्ये डिपरचं फिलामेंट ही एक बारीक, चारही बाजूंनी उजळणारी दंडगोल तार असते. तिच्या खाली एक छोटी धातूची वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडूच देत नाही. तिथून परतलेला उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वाटीची एक कड तिरपी कापलेली असते, त्यामुळे रेषा रस्त्याच्या आपल्या कडेला १५ अंशांनी वर चढते. रिफ्लेक्टर आणि काचेवरच्या खाचा या तारेच्या जागेवर बेतलेल्या आहेत, मिलिमीटरच्या अंशांच्या हिशोबाने. तिथे पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप आल्या की सगळं गणित सरकतं. ‘तिप्पट’ उजेड मलाही दिसला, पण बंपरपासून १५ मीटरपर्यंत. जवळचा रस्ता लख्ख झाला की बाहुली आकसते आणि लांबचा खड्डा उलट उशिरा दिसतो.

जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडीला परवानगी मिळू लागली, पण कशी? ठरावीक बल्ब, ठरावीक गाड्या, अशी यादी करून. सरसकट नाही. माझ्या गाडीचा दिवा सात इंची गोल आहे, पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ किंवा एमजीबी या स्पोर्ट्स कारना असतो तसा. या मापात एलईडीसाठीच घडवलेले, मान्यतेची खूण असलेले अख्खे दिवे मिळतात. ते लावलेत तर माझी काहीच तक्रार नाही. तुम्ही ‘एलईडी’ म्हणालात ते असे असतील, तर आपलं भांडण इथेच संपलं.

१००/९० वॉटचा पर्याय तुम्ही जाता जाता सुचवलात. नको. रिलेशिवाय लावले तर दोन्ही डिपर मिळून १५ अँपिअर, तेही तीस वर्षं जुन्या स्विचमधून. आधी स्विच जाईल, मग बल्बचा होल्डर, मग रिफ्लेक्टरचा मुलामा.

वायरिंगला अख्खा दिवस लागला हे खरं, पण त्यातला अर्धा पॉप-अपनी खाल्ला. दिवा वर-खाली होताना वायर बिजागरीपाशी दर वेळी वाकते, आतले धागे एकेक करून तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. तिथे २.५ चौरस मिलिमीटरची बारीक धाग्यांची वायर जरा सैल ठेवून स्लीव्हमधून नेली. डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज दिले, म्हणजे एक उडाला तरी रात्री पूर्ण अंधार होणार नाही. जुन्या वायरी काढल्या नाहीत. त्या आता फक्त रिलेची कॉइल चालवतात.

मूळ लेखातलं ‘रिलेने कमाल केली’ हे वाक्य काढून तिथे वरचे तिन्ही आकडे आणि बल्बच्या आयुष्याचा हिशोब टाकला आहे. तुमच्या गाडीत बल्बच्या पिनांवर किती व्होल्ट येतात ते मोजलंत तर कळवा. अर्थिंगच्या बाजूचा आकडाही सोबत द्या.