बारा माणसांची बोट

झाडं तोडायला विरोध करायला रविवारी सकाळी नाशिकच्या तपोवनात आम्ही चौदा जण जमलो होतो. ज्या वडाखाली उभे होतो त्याच्या बुंध्याला वटपौर्णिमेचा दोरा अजून तसाच होता, पावसापाण्याने विटलेला, आणि त्या दोऱ्यावरूनच तोडायच्या झाडाची पिवळ्या रंगाची फुली ओढलेली. कुणीतरी दोरा बाजूला करायचीही तसदी घेतली नव्हती. ते पाहून पोटात कालवलं. तेवढ्यात एक काका म्हणाले, "अहो, आपण चौदा टाळकी. कोण विचारतंय आपल्याला?"

तेव्हा मला धड बोलता आलं नाही. काका, हे तुमच्यासाठी लिहितेय.

ग्रीनपीस ही पर्यावरणासाठी लढणारी संघटना आज पन्नासहून जास्त देशांत आहे. सुरुवातीला तीही अशीच मूठभर माणसं होती. 1969 मध्ये अमेरिकेने अलास्काजवळच्या अमचिटका बेटाखाली अणुचाचणी केली. 1964 च्या अलास्कातल्या भूकंपाने आणि त्सुनामीने केलेली वाताहत कॅनडाच्या किनाऱ्यावरचे लोक विसरले नव्हते. स्फोटाने पुन्हा लाट उठली तर? व्हँकुव्हरमध्ये समिती निघाली, नावच 'लाट उठवू नका'. सह्या, निदर्शनं झाली. एका सकाळी कॉफी घेताना मेरी बोलेन नवऱ्याला म्हणाल्या, बोट घेऊन तिथेच का जाऊ नये?

समितीची बैठक मोडताना कुणी 'पीस' (शांतता) म्हणालं, बिल डार्नेल नावाच्या तरुणाने त्याला 'ग्रीन' (हिरवी) जोडलं. बिल्ल्यावर दोन शब्द सुटे मावेनात, म्हणून एकच झाला, ग्रीनपीस. ते बिल्ले 25 सेंटला विकले. जोनी मिचेल, जेम्स टेलर या गायकांनी समितीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातूनही पैसा उभा राहिला.

15 सप्टेंबर 1971 ला 'फिलिस कॉर्मॅक' ही जुनी मासेमारी बोट बारा जणांना घेऊन निघाली. आणि पोहोचलीच नाही! वाटेत अमेरिकी तटरक्षक दलाने अडवलं. पण अडवायला आलेल्या जहाजावरच्याच खलाशांनी पाठिंब्याचं सह्या केलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं. हा प्रसंग मला सगळ्यात जवळचा वाटतो. फुली मारणारा हातसुद्धा कुणाच्या तरी मुलाचा असतो.

6 नोव्हेंबरला सुमारे पाच मेगाटनचा स्फोट झालाच. त्या दिवशी ते हरले होते. पण तोवर गावोगाव लोक उठले होते, आणि 1972 मध्ये अमेरिकेने अमचिटकावरच्या पुढच्या चाचण्या बंद केल्याचं जाहीर केलं.

पुढे देवमाशांसाठी लढे झाले. शहराशहरांतल्या गटांची आपसांत भांडणंही झाली, त्यातून 1979 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. 10 जुलै 1985 ला ऑकलंडच्या बंदरात फ्रेंच हेरांनी त्यांचं 'रेनबो वॉरियर' हे जहाज बुडवलं, त्यात फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार गेला. चुकाही केल्या. 2014 मध्ये पेरूतल्या नाझ्का रेषांजवळ, म्हणजे जमिनीवर रेखलेल्या प्राचीन चित्रांजवळ, पायांचे ठसे उमटवले, ते अक्षम्यच. पण सरकारचा किंवा कंपनीचा पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याला तर समुद्र ओलांडायचा नाही, काका. गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदाकाठावरून, चालत दहा मिनिटांत वडापाशी पोहोचतो आपण.

हरकतीचे छापील अर्ज माझ्याकडे आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, त्याच वडाखाली. बुंध्यांचा घेर मोजायला शिंप्याची टेप कुणाकडे असेल तर घेऊन या.