डायनोसॉर, मणका आणि साप: आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायावर

नमस्कार. आमच्या जीवाश्म शोधायच्या सहलीबद्दल आपल्या तक्रारी तीन: डायनोसॉर मिळाला नाही, मुलाला सापडलेला मणका काढू दिला नाही आणि दुपारी साप दाखवायचे सोडून गाडीत बसवलं.

डायनोसॉरचं आधी उरकतो. अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससमधल्या गोव्ह काउंटीचा हा खडूचा दगड म्हणजे साधारण ८.५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. इथे मासे, शार्क, मोसासॉर (समुद्रातले प्रचंड सरपटणारे प्राणी) मिळतात. डायनोसॉर म्हणजे क्वचित वाहत आलेलं एखादं मढं. त्याची हमी आम्ही देत नाही. अख्खे सांगाडे बघायचे तर हेजचं स्टर्नबर्ग संग्रहालय गाठा.

मणक्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. तो उतारावर सुटा पडलेला नव्हता, दगडात अर्धा रुतलेला होता. असं हाड आतून भेगाळलेलं असतं, दगडानेच त्याला धरून ठेवलेलं असतं. ओढलं की चुरा, आणि मागे आणखी मणके असले तर त्यांचा मागही जातो. ब्रशने फक्त वरची बाजू मोकळी करायची, वाळू द्यायची, मग अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट धरून ठेवणारं कृत्रिम राळ) थेंबाथेंबाने मुरवायचं. सुरुवातीला पातळच, ५ टक्क्यांच्या आसपास. घट्ट दिलं तर वर पापुद्रा धरतो आणि आत हाड ठिसूळच राहतं. हाडात ओल असेल तर राळ पांढरं पडतं. नंतर भोवती चर खणायचा, ओल्या टिश्यूचे थर द्यायचे, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू विसरला की प्लास्टर थेट हाडाला चिकटतं. घट्ट झाल्यावर खालून पोखरून उलटवायचं. हे सहलीच्या वेळात बसणारं काम नाही. शिवाय जमीन खासगी, त्यामुळे जीवाश्म मालकाचे. शार्कचे सुटे दात नेता येतात ते त्यांच्याशी तसं ठरलंय म्हणून.

मुलाने गोळा केलेले ‘हाडाचे’ चपटे तुकडे शिंपल्याचे आहेत. कडेला उभे, सुईसारखे स्फटिक दिसतील. हाडात बारीक छिद्रं असतात.

जुलैच्या दुपारी जमीन इतकी तापते की साप बिळात नाहीतर कपारीच्या सावलीत शिरतात. विषारी रॅटलस्नेकही तिथेच असतो, आणि मुलं हात घालतात तेही तिथेच. म्हणून साप-सरडे सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. दगड उचलायचा तो पलीकडची कड आपल्याकडे ओढून, म्हणजे आपल्या आणि सापाच्या मध्ये दगड राहतो. आणि होता तसाच परत बसवायचा, नाहीतर खालची ओल उडून जाते. पकडायचं काहीच नाही.

पुन्हा येणार असाल तर मे किंवा सप्टेंबर घ्या, घोट्याच्या वर येणारे बूट आणा. पावसानंतर कच्चा रस्ता वाळेपर्यंत गाडी आत जात नाही, तेव्हा एखादा दिवस हाताशी ठेवा.