नसलेल्या कार्डाची जागरणं

सकाळी साहेबांचा मेसेज: "एका पॅचला अख्खी रात्र? गावी गेलं की माणूस सुस्तावतो बुवा!" आणि पुढे तो डोळा मारणारा पिवळा गोळा.

सुस्तावतो? रात्री दीड वाजता मी सड्यावर बसलो होतो. बुडाखाली ओला कातळ, मानेत छत्रीची दांडी, लॅपटॉपवर आईचं इरलं आणि आषाढातला आडवा पाऊस. का, तर घरात येणारी केबल सोमवारी माडाची झावळी पडून तुटली. तेव्हापासून ती गटारात लोळतेय. "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे" असा मेसेज दोनदा आला. निवारण! आमच्या वाडीत रेंज हवी तर सडा चढायचा, हे निवारण.

बरं, घाई कसली होती? सूचना आली १५ जुलैला. व्हीएमवेअरच्या वीएमएक्सनेट-थ्री या नेटवर्क कार्डात भोक, धोका दहापैकी ९.३. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक; त्याच्या आत ज्याच्याकडे अॅडमिनचे हक्क आहेत, तो थेट खालच्या होस्टवर, म्हणजे त्या खऱ्या सर्व्हरवर, आपला कोड चालवू शकतो. आमच्याकडे हे हक्क कुणाकडे आहेत? कुणाकडे नाहीत ते विचारा. मी त्याच रात्री कळवलं. साहेब म्हणाले, "बघू." तीन दिवस बघू. मग काल संध्याकाळी सातला कुणीतरी त्यांना तो ९.३ चा आकडा दाखवला आणि लगेच भोक बुजवणारा पॅच आजच्या आज, आत्ताच्या आत्ता!

त्यात वर शहाणपण. "बाकीच्या कार्डांना धोका नाही म्हणतात, मग कार्डच बदलून टाक ना." टाकतो की. साठ मशीनची कार्डं बदलतो, मग विंडोज म्हणणार हे नवीन कार्ड, जुना आयपी गेला उडत, आणि सकाळी साठ लोक माझ्या नावाने शंख करणार.

हे कार्ड २०१८ च्या नोव्हेंबरातही असंच अंगावर आलं होतं. आणि २०१५ ची ती फ्लॉपी आठवतेय ना? कुणाच्या घरात फ्लॉपी उरली नव्हती, पण क्यूएमू नावाच्या अशाच व्हर्च्युअल मशीनवाल्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा कंट्रोलर २००४ पासून भोक घेऊन बसलेला. त्या मे महिन्यात आंबा पेटीत भरायचा सोडून मी फ्लॉपी निस्तरत होतो. फ्लॉपी!

यंदाचं भोक म्हणजे काय, तर इंटिजर ओव्हरफ्लो. तिसरीतल्या पोरासारखा हातचा विसरलेत. बर्लिनच्या हॅकिंग स्पर्धेत मे महिन्यात एकाने ईएसएक्स-आय, म्हणजे होस्टवरचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, फोडून दाखवलं, त्याला दीड लाख डॉलर मिळाले. मला पिवळा गोळा.

जेवायला खाली आलो नाही म्हणून आईचा फोन. मी वैतागून सांगितलं, अगं नेटवर्क कार्डात बिघाड आहे. खरं कार्ड नाही, सॉफ्टवेअरने भासवलेलं, खोटं खोटं. ती जरा थांबली.

"जा कार्ड असाच नाय, ता बिघाडला कसा रे?"

काय सांगणार? पंधरा वर्षं हेच करतोय, पण या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे. जे कार्ड कुठेच नाही त्याच्यासाठी मी पावसात भिजतोय, आणि खरी, तांब्याची, हाताला लागणारी तार गटारात पडलीय तिला कोण ९.३ देणार?

तर होस्ट. पहिला सरळ झाला. दुसरा मेंटेनन्स मोडला टाकला, म्हणजे त्यावरची मशीनं दुसरीकडे हलवून तो रिकामा करायचा, तर तो दोन टक्क्यांवर ठाण मांडून. पाच मिनिटं, दहा मिनिटं, दोन टक्के. कारण एक मशीन हलायला तयार नाही. कुठलं? अकाउंट्सचं. त्याला होस्टमध्ये खोचलेलं यूएसबी डोंगल लावलेलं, सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली. डोंगल! दोन हजार पंचवीस साल आहे. ते हलवायचं तर मशीन बंद करा, आणि बंद करायचं तर अकाउंट्सच्या काकांची परवानगी. पावणेतीनला उचलला त्यांनी फोन. "आत्ता नको हो, रिपोर्ट लावून झोपलोय." रिपोर्ट लावून झोपलेत! इथे माझ्या पायावरून खेकडा गेला.

चारला खाली उतरलो. घरात सुकटीची चटणी नि गार भात. मासेमारी बंद, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. सकाळी वाडीत चर्चा, सड्यावर रात्री निळा उजेड दिसला, देवचार फिरत असणार. मी काही बोललो नाही. शिव्या ऐकू गेल्या असतील तर त्यांनाही देवचाराच्याच समजू देत.

आत्ता साहेबांचा दुसरा मेसेज: "उरलेला होस्ट आज रात्री करून टाक, फक्त रीबूटच तर आहे." पाठोपाठ केबलवाल्यांचाही, निवारण क्रमांक तीन. छत्री पडवीत उघडून ठेवलीय, आषाढात वाळणार कप्पाळ.